जुनी स्पोर्ट्स कार उभी करताना: बॅज, क्रोम, स्क्रू आणि रबर

इंजिन बांधून देणारे मिस्त्री मराठवाड्यात कमी नाहीत. संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेड, कुठेही जा, बोअर करून देणारा, क्रँक घासून आणणारा माणूस सापडतो. पत्र्याचं कामही चांगलं होतं. तरीही तयार झालेली गाडी अंगणात उभी राहिली की जाणकार माणूस एक फेरी मारतो आणि चूक दाखवतो: ग्रिल एका वर्षाचं, दाराचं हँडल दुसऱ्या वर्षाचं, डिकीवरचा बॅज (गाडीच्या नावाचं चिन्ह) बोटभर खाली सरकलेला आणि ट्रिमच्या, म्हणजे शोभेच्या पट्टीवर हार्डवेअरच्या दुकानातले काळे स्क्रू. लाखो रुपये खर्चून केलेलं काम अशा शंभर-दोनशे रुपयांच्या वस्तूंपाशी फसतं.

म्हणून या लेखात इंजिन, गिअरबॉक्स काहीच नाही. फक्त बाहेरून दिसणाऱ्या बारीक गोष्टी, आणि त्या कोणत्या क्रमाने करायच्या ते. उदाहरणाला मुख्यतः एमजी या ब्रिटिश कंपनीची एमजीबी ही स्पोर्ट्स कार घेतली आहे, कारण १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त बनलेल्या या गाडीत कधी काय बदललं ते नीट नोंदलेलं आहे. आपल्या भागात अशी गाडी विरळाच, हे मान्य. पण मद्रासला १९६१पासून बनलेली स्टँडर्ड हेराल्ड अजून एखाद्या वाड्याच्या शेडमध्ये निघते, आणि तिच्याच चासीची लांबी कमी करून ट्रायम्फ या ब्रिटिश कंपनीने स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार उभी केली होती. गाडी कोणतीही असो, पद्धत तीच राहते.

आधी गाडीचं वर्ष पक्कं करा

आरसी बुकावरचं वर्ष हे नोंदणीचं वर्ष असतं. बाहेरून आलेली गाडी बनल्यावर वर्षा-दोन वर्षांनीही इथे नोंदलेली असू शकते, त्यामुळे त्यावर विसंबून पार्ट मागवू नका. चासी नंबरची पट्टी शोधा, साबणाच्या पाण्याने हलक्या हाताने पुसा, तिरप्या उजेडात फोटो काढा. तारेचा ब्रश लावू नका, अंक उथळ असले तर कायमचे जातात. ब्रिटिश गाड्यांना एक मोठी सोय आहे: इंग्लंडमधल्या गेडन इथलं ब्रिटिश मोटर म्युझियम कारखान्याच्या मूळ नोंदवह्यांवरून गाडीचा दाखला देतं. गाडी कधी बनली, कोणत्या रंगात निघाली, कोणत्या देशासाठी होती, जास्तीची कोणती साधनं बसवली होती, हे त्यात येतं. यासाठी फी लागते, पण पुढच्या सगळ्या खरेदीचा पाया हा कागद असतो. एमजी आणि ट्रायम्फ दोन्हींच्या नोंदी तिथे आहेत.

वर्ष कळलं की बाकीचं आपोआप जुळत जातं. एमजीबीचंच घ्या. सुरुवातीच्या गाड्यांना दाराचं हँडल ओढायचं असे, १९६५पासून बटण दाबायचं आलं. ग्रिल १९६९पर्यंत उभ्या क्रोम पट्ट्यांचं होतं, १९७०च्या मॉडेलपासून आत दबलेलं काळं आलं, आणि १९७३च्या मॉडेलपासून क्रोमच्या चौकटीत मधाच्या पोळ्यासारखी काळी जाळी. १९७४च्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या नियमांपायी क्रोमचे बंपर गेले, काळे रबरी बंपर आले आणि गाडीची उंचीही वाढली. तुमची गाडी १९६८ची असेल आणि कुणी स्वस्तात जाळीचं ग्रिल देत असेल, तर नको म्हणा. ते ग्रिल चांगलंच असेल, पण ते दुसऱ्या गाडीचं आहे.

रबरी बंपरच्या गाडीला क्रोमचे बंपर लावण्याची हौस फार लोकांना असते. माझं मत स्पष्ट आहे: १९७६ची गाडी १९७६चीच दिसली पाहिजे. ते काळे बंपर नीट स्वच्छ करून, त्यांचा पांढुरका पडलेला रंग परत काळा करून लावले तर गाडी रुबाबदार दिसते, आणि पुढे कधी विकताना तिची ओळख शाबूत राहते.

खोलण्याआधीचे दोन दिवस

नवा माणूस इथेच घाई करतो. पाना हातात घेण्याआधी मोबाइल हातात घ्या. गाडीच्या चारही बाजूंचे फोटो काढा, मग प्रत्येक बॅज, पट्टी, हँडल, वायपर, दिवा, इंधनाचं झाकण यांचे जवळून. प्रत्येक फोटोत एक स्टीलची पट्टी ठेवा म्हणजे माप राहील. तुटलेल्या, चुकीच्या वाटणाऱ्या वस्तूंचेही फोटो घ्या. पूर्वीच्या मालकाने काय बदललं होतं ते त्यातूनच कळतं.

फोटोनंतर ट्रेसिंग. शिंपी वापरतात तो बटर पेपर आणा. बॅजच्या भोवती पत्र्यावर तो चिकटपट्टीने ताणून बसवा, पेन्सिलने बॅजची कड उमटवा, आणि त्याच कागदावर जवळच्या दोन पक्क्या कडा उमटवा, म्हणजे डिकीची कड आणि मधली घडी. पत्र्याचं काम झाल्यावर जुनी भोकं लांबीखाली (पत्र्यावर भरायच्या पुटीखाली) बुजलेली असतात आणि पेंटर विचारतो, "कुठं लावायचा?" तेव्हा अंदाजाने बोट दाखवण्यापेक्षा हा कागद पत्र्यावर ठेवायचा आणि भोकं मारायची. कागदावर 'वर', 'डावीकडे' असं लिहायला विसरू नका. पारदर्शक कागद उलटा लागला की बॅज दुसऱ्या बाजूला जातो.

बॅज काढताना समोरून पाना घालून उचकटू नका. जुन्या बॅजला मागे बारीक खुंट्या असतात आणि त्यांवर स्प्रिंगचे नट चढवलेले असतात. डिकी किंवा बॉनेट उघडून मागच्या बाजूला गंज सोडवणारं तेल टाका आणि एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी अरुंद नळीचा पाना खुंटीवरून सरकवून नट हळूहळू फिरवत मागे घ्या. खुंटी बॅजच्याच धातूची असते आणि पन्नास वर्षांनी ती खडूइतकी ठिसूळ झालेली असते, त्यामुळे नट फिरत नसेल तर नटच कापा. नवा नट मिळतो, खुंटी मिळत नाही. चिकटवलेला बॅज असेल तर केस वाळवायच्या ड्रायरने गरम करून मागून मासेमारीची दोरी करवतीसारखी ओढत न्या.

प्रत्येक पार्ट वेगळ्या झिप पिशवीत, त्याच्या स्क्रूसकट. पिशवीवर मार्करने लिहा आणि आतही चिठ्ठी टाका, कारण गॅरेजमध्ये थिनरचा हात लागला की मार्कर पुसला जातो. तुटलेला पार्टही फेकू नका. नवा मागवताना, किंवा लेथवर बनवून घेताना नमुना तोच असतो. गॅरेजच्या पोराला हे बजावून सांगा. सवयीने तो जुनं सामान भंगारात टाकतो.

लोहचुंबक खिशात ठेवा

चकाकणारा प्रत्येक तुकडा क्रोमचा नसतो, आणि क्रोमखाली काय आहे त्यावर पुढचं सगळं काम ठरतं. चुंबक धागा बांधून पार्टजवळ न्या. ओढला गेला तर खाली लोखंड आहे. बंपर बहुतेक असेच. ओढला गेला नाही आणि पार्ट वजनदार, ओतीव, मागून राखाडी दिसतो, तर तो मझाक, म्हणजे जस्ताचा मिश्रधातू: हँडल, बॅज, दिव्यांच्या चौकटी. हलका आणि मऊ असेल तर अ‍ॅल्युमिनियम. पातळ, कडक, कुठेही पापुद्रा न निघालेली पट्टी बहुधा स्टेनलेसची, तिला प्लेटिंगची गरजच नसते. मागून लाकडी ठोकळा आणि छोट्या हातोडीने पोचे काढा, ६००, ८००, १२०० असा पॉलिश पेपर मारा आणि बफ करा (कापडी चाकावर चमकवा), घरच्या घरी नव्यासारखी होते.

हाच चुंबक एमजीबीच्या बॉनेटवरही लावून बघा. १९६९पर्यंतच्या गाड्यांची बॉनेट अ‍ॅल्युमिनियमची होती, नंतर लोखंडी आली. अ‍ॅल्युमिनियमवर साधा प्रायमर धरत नाही, एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला किंचित खाऊन पकड घेणारा प्रायमर लागतो. पेंटरला हे आधी सांगितलं नाही तर वर्षभरात रंगाला फुगे येतात.

क्रोम: वाळूजला जा, पण तयारीने

क्रोमचं काम मुंबईलाच होतं असा समज आपल्याकडे घट्ट बसलेला आहे. पण बजाजच्या कारखान्याभोवती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणारे कितीतरी उद्योग वाढले. प्लेटिंग, रबर मोल्डिंग, पावडर कोटिंग, स्क्रीन प्रिंटिंग यांची जाण असलेली माणसं त्यामुळे इथेच तयार झाली. अडचण कसबाची नाही, संख्येची आहे. हजारोंनी पार्ट काढणारा कारखाना तुमची चार हँडलं घेणार नाही. तुम्हाला हवा तो छोटा जॉबवर्कवाला, जो मालकही आहे आणि टाकीपाशी स्वतः उभाही राहतो. संध्याकाळी जा, काम उतरलेलं असतं, बोलायला वेळ असतो.

बोलायचं काय, ते ठरवून जा. चांगलं क्रोम तीन थरांचं असतं: तांबं, निकेल, वर क्रोम. चमक आणि गंजापासून बचाव हे दोन्ही मुख्यतः निकेलच्या थरातून येतं. क्रोमचा थर मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो आणि तो निळसर छटा व कडकपणा देतो. म्हणून 'क्रोम जाड करा' म्हणण्यात अर्थ नाही. तांब्याचा थर चढवून घासा, खड्डे भरले नाहीत तर परत चढवा, आणि निकेल चांगलं बसवा, असं सांगा. जुनं क्रोम उतरवण्याची पद्धत विचारा. लोखंडी बंपर आम्लात चालतो, पण मझाकचा बॅज त्याच आम्लात गेला तर विरघळतो. चुंबकाने वेगळे केलेले ढीग वेगवेगळ्या पिशव्यांत द्या आणि मझाकच्या पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहा.

सगळ्यात जास्त नुकसान टाकीत होत नाही, बफच्या चाकावर होतं. बॅजवरच्या अक्षरांच्या कडा धारदार असतात. बफ जरा जास्त दाबला की कडा गोल होतात आणि अक्षरं वितळल्यासारखी दिसू लागतात. ते नंतर कशानेच भरून निघत नाही. तिथे उभं राहून सांगायला हवं: "उस्ताद, अक्षरांवर चाक फिरवू नका, भोवतीचं सपाट तेवढं घ्या." जाणता कारागीर हे ऐकून रागवत नाही, उलट काम घेणाऱ्याला कळतं म्हणून जास्त जपतो. दोन पार्ट आधी द्या, बघा, मग बाकीचे. आणि सगळं क्रोम एकाच ठिकाणी, एकाच खेपेला करून घ्या. दोन दुकानांच्या क्रोमच्या छटा उन्हात शेजारी ठेवल्या की वेगळ्या कळतात.

घरी प्लेटिंग करायच्या फंदात पडू नका. क्रोमची टाकी विषारी असते, आणि ते पाणी आपल्याच बोअरमध्ये उतरतं.

काही पार्ट प्लेटिंगला न देणंच बरं. हँडलवर चार टिंब एवढीच खूण असेल तर अगदी बारीक स्टील वूल, दर्जा ०००० चा, तेलात भिजवून हळू घासा आणि लावा. मूळ क्रोम शाबूत असलेली गाडी नव्या क्रोमच्या गाडीपेक्षा मोलाची असते.

स्क्रू

बाहेर दिसणारा प्रत्येक स्क्रू गाडीचं वय सांगतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांत सरळ खाचेचे, नंतर क्रॉस खाचेचे, आणि १९६०च्या दशकात पोझिड्राइव्हचे स्क्रू आले. पोझिड्राइव्हच्या माथ्यावर क्रॉसच्या मधल्या कोपऱ्यांत चार बारीक रेषा दिसतात. त्यात साधा फिलिप्स ड्रायव्हर घातला की तो निसटतो, माथा खराब होतो आणि मिस्त्री म्हणतो, स्क्रूच बाद होता. बरोबर टोकाचा ड्रायव्हर घ्या, महाग नाही.

ट्रिमवर बहुधा माथा थोडा फुगीर असलेला, क्रोम केलेला स्क्रू असतो, आणि पत्र्यात तो बसवायला खाली कपवॉशर. मूळ स्क्रू चांगला असेल तर त्यालाही प्लेटिंगला पाठवा, तारेत ओवून द्या म्हणजे टाकीत हरवत नाही. आटेही बघा. युद्धानंतरच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत यूएनएफ, म्हणजे इंचाच्या मापाचे बारीक आटे आहेत. मेट्रिक बोल्ट जोर लावून घातला तर दोन फेऱ्या जातो, मग आतली बाजू फाडतो. शंका आली तर टर्नरकडून पिच गेज (आट्यांचं अंतर मोजायचं साधन) लावून घ्या. आणि सरळ खाचेचे स्क्रू असतील तर सगळ्या खाचा एका दिशेला ठेवण्याची धडपड करू नका. कारखान्यात कुणी तसं केलेलं नव्हतं.

फटी आणि रंग

फट आधी, रंग नंतर. दारं, बॉनेट, डिकी रबरांसकट बसवून फटी जुळवा, मगच प्रायमर. मोजायला ड्रिलचे बिट वापरा: ४ मिलिमीटरचा बिट दाराच्या कडेने वरून खाली सरकवत न्या, कुठे अडकतो आणि कुठे सैल जातो तिथे खडूने खूण करा. फट लांबीने भरून बारीक करण्यापेक्षा बिजागरी हलवा. लांबीची कड दार आपटलं की तुटते.

मूळ रंग बहुधा सेल्युलोजचा (जुन्या पद्धतीचा, थिनरने पातळ करायचा), एका थराचा असे. त्यावर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर नव्हता. आज सगळे पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारतात आणि वर दोन हात क्लिअर, त्यामुळे ओल्ड इंग्लिश व्हाइट किंवा टार्टन रेडसारखा साधा गाढा रंगही काचेखाली ठेवल्यासारखा दिसतो. पीयू टिकाऊ आहे, आपल्या उन्हाला तो योग्यच, पण एकाच थराचा घ्या आणि क्लिअर टाळा. त्यात मिसळायच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे विषारी रसायन असतं, फवारणाऱ्याने तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, बाहेरून हवा देणारा मास्क हवा. हे काम करणाऱ्याच्या फुप्फुसाचं आहे, मालक म्हणून तुम्ही आग्रह धरा.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, थिनर पत्र्यावर पोचायच्या आत उडतो आणि रंग खरखरीत बसतो. पावसाळ्यात सेल्युलोजवर पांढरी साय धरते. काळ्या मातीची बारीक धूळ बाराही महिने आहे, म्हणून सकाळी लवकर, खाली पाणी शिंपडून.

रबर, काच, दिवे

रबर विकत घेताना काळं आणि मऊ एवढंच बघू नका, ईपीडीएम जातीचं कृत्रिम रबर आहे का विचारा. ऊन आणि ओझोनला तेच टिकतं. दिव्यांखालचे, हँडलखालचे, बॅजखालचे पातळ रबरी पॅड नवे टाकाच. ते नसले की धातू रंगाला घासतो, पाणी अडतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. मूळ पॅडचा तुकडा असेल तर वाळूजचा मोल्डिंगवाला साचा न करताही शीटमधून कापून देऊ शकतो. बसवताना ग्रीस नको, सिलिकॉन लावा.

दिव्यांबाबत एक गोष्ट सुरक्षिततेची आहे. अमेरिकेतून मागवलेला ७ इंची गोल हेडलाइट आपल्या गाडीच्या दिव्याच्या वाटीत चपखल बसतो, पण तो उजवीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठी असतो. डीपर लावला की त्याचा झोत उजवीकडे वर चढतो, म्हणजे आपल्या रस्त्यावर थेट समोरच्याच्या डोळ्यात. गाडी भिंतीपासून २५ फुटांवर उभी करा, डीपर लावा. झोत वर चढत असेल तर तो डावीकडे चढला पाहिजे. अमेरिकी गाडीसाठीचे वायपरही उलट बाजूला झोपणारे असू शकतात, आणि तिथल्या १९६८नंतरच्या उघड्या टपाच्या एमजीबीला तर दोनऐवजी तीन वायपर आहेत. इंग्लंडहून मागवलं की हा घोळ टळतो.

काचेवर आणि लेन्सवर ओतलेली अक्षरं जपा. मागच्या दिव्याची, दिवे बनवणाऱ्या लुकास कंपनीचं नाव असलेली मूळ लेन्स मळकट असली तरी फेकू नका, साबणपाणी आणि प्लास्टिक पॉलिशने ती उजळते. नव्या नकली लेन्सचा लाल रंग बहुधा गुलाबीकडे झुकलेला असतो.

तारांची चाकं

मधोमध एकच मोठा नट असलेली तारांची चाकं म्हणजे या गाड्यांची शान. नट सोडवताना लक्षात ठेवायचं ते इतकंच: गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने नट सुटतो. म्हणून डावीकडचे आणि उजवीकडचे आटे उलटे असतात. एका बाजूचा नट दुसऱ्या बाजूला बसवायचा नाही. तांब्याची किंवा शिशाची हातोडी वापरा, लोखंडी हातोडीचे वण क्रोमवरून कधीच जात नाहीत. आतल्या दात्यांना ग्रीस लावा. दोन पंखांचा नट मूळचा; अमेरिकेत १९६८पासून नियमामुळे अष्टकोनी नट आला, तो तुमच्या गाडीवर असेल तर आधी दाखला बघून ठरवा. आणि चाकं क्रोमची करण्याआधी हेही तपासा, कारण बहुतेक गाड्या चंदेरी रंग दिलेल्या चाकांवर निघाल्या होत्या. टायर मूळच्या बारीक रुंदीचे, १५५ किंवा १६५. रुंद टायर मडगार्डला घासतात आणि गाडीचा तोल बिघडवतात.

नंबर प्लेट

गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुनी असेल, मूळ स्वरूपात असेल आणि चासी, बॉडी शेल, इंजिनात मोठा फेरफार नसेल, तर २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, फेरनोंदणीची ५,०००, मुदत १० वर्षं. नंबरात राज्याच्या कोडनंतर 'व्हीए' येतं, मग दोन अक्षरं आणि चार अंक. अशी गाडी धंद्याला वापरता येत नाही आणि रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही.

प्लेट लावताना ग्रिलला किंवा पुढच्या पत्र्याला नवं भोक मारू देऊ नका. घाईत असलेला फिटर पहिलं तेच करतो. बंपरच्याच बोल्टवर बसणारी एक पट्टी फॅब्रिकेटरकडून वाकवून घ्या, तिला काळा रंग द्या आणि पट्टी व बंपर यांच्यामध्ये रबरी वॉशर टाका. जुनी प्लेट, तीन अक्षरांची असो की एमएच २० ची, काढून गाडीच्या फाइलसोबत ठेवा, ट्रेसिंगचे कागद आणि तुटक्या पार्टच्या पिशव्याही तिथेच.